आज कुणी आलं नाही

नुसरत आपांनी पंखा बंद केला, तेव्हा मी त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर, वेताच्या खुर्चीत बसलेलो होतो. मे महिना होता. बटण दाबून त्या परत आपल्या जागी आल्या, माझ्या खुर्चीकडे त्यांनी एकवार पाहिले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "कुणी बसलेलं नाय, अन् पंखा फिरायलाय उगीच."

आमची ही पहिली भेट. तिला भेट म्हणावे की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

फोनवर त्यांनी पूर्वकल्पना दिली होती. "पहिल्या दिवशी मी तुम्हाला ओळख देणार नाय. तुम्ही आलाच नाहीत असं धरून चालेन. नको वाटलं तर उठून जा, राग नाय येणार. बोलावं वाटलं तर बोला. तुम्ही बोललात की माझं काम सुरू." मी हो म्हटले होते. फोनवर कशालाही हो म्हणणे सोपे असते.

प्रत्यक्षात ते फार वेगळे होते. त्यांनी किटलीतून स्वतःपुरता चहा ओतला. तबकातला दुसरा कप पालथाच राहिला. माझ्या मांडीवरून हात नेऊन त्यांनी खुर्चीची उशी सारखी केली. त्यांच्या बाहीला अत्तराचा वास होता आणि ती बाही मला चाटूनही गेली नाही. मग त्यांनी आपला मोबाइल उचलला आणि माझ्या खिशातला फोन वाजू लागला. माझ्या खिशात वाजणारी ती घंटी त्या समोर बसून ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे दाराकडे होते. घंटी थांबली. "उचलायला नाय," त्या पुटपुटल्या. मी उजव्या हाताने डाव्या हाताचे मनगट घट्ट धरले होते, हे माझ्या नंतर लक्षात आले. पुढे कळले की त्या खोलीत बहुतेकजण हेच करतात.

शेवटी त्यांनी पुन्हा चहा ओतायला घेतला. कप भरला, बशी भरली, तरी किटली तिरकीच.

"माफ करा," मी म्हणालो, "चहा सांडतोय."

किटली सरळ झाली. आपांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या मोकळेपणाने हसल्या. "व्वा! इतका वेळ गरमीत मेलात, त्याचं काय नाय. चहासाठी तोंड उघडलं! अन् वर माफीबी मागितली. नाव काय म्हणालात?"

"रत्नपारखी."

"बसा रत्नपारखी. आता आलात तुम्ही." त्यांनी पालथा कप सुलटा केला.

मी तंत्रनिकेतनात यंत्रांच्या आराखड्यांची रेखाटने शिकवत असे. त्या विषयात एक संकेत आहे: वस्तूची जी कड समोरून दिसत नाही, ती तुटक रेषेने दाखवायची. निवृत्तीनंतर दोन-अडीच वर्षांतच माझी पत्नी गेली, मुलगी आधीपासून परगावी होती, आणि मी हळूहळू त्या तुटक रेषेसारखा उरलो. दुकानदार माझ्या मागच्या माणसाला विचारत, "काय पायजे?" दाराची घंटी वाजली तर मी श्वास रोखून ती थांबण्याची वाट पाहत असे. आपण आहोत याला कुणी साक्षीदार नसेल तर आपण आहोत कशावरून, हा प्रश्न मला पडू लागला होता, आणि तो तत्त्वज्ञानातला राहिला नव्हता. त्यासाठी मी आपांकडे गेलो. या वयात लिहायला बसण्याचे धाडसही त्यांच्यामुळेच होते आहे. त्यामुळे जे उणे-अधिक असेल ते माझे समजावे.

आपा महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केले नव्हते. उतारवयात त्यांनी समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि त्यातही अस्तित्ववादी मानसोपचाराची वाट धरली. मरण, एकटेपण, निवडीची जबाबदारी, हे सगळे कशासाठी हा प्रश्न, यांना आजार न मानता समोर बसवायचे आणि त्यांच्याशी बोलायचे, अशी ती वाट. हिमायत बागेच्या मागच्या बाजूला त्यांचे बैठे घर होते. अंगणात हौद, हौदाशेजारी पेरूचे झाड, पुढे व्हरांडा आणि आत ती खोली. खोलीत दोन खुर्च्या आणि एक तिपाई, एवढेच सामान. मनगटावर त्यांच्या अब्बांचे जाड पट्ट्याचे पुरुषी घड्याळ असे. ते नेहमी मागे पडलेले असे आणि त्या ते कधीही बरोबर लावत नसत.

'अर्थ' या शब्दाला त्यांच्याकडे बंदी होती. "जगण्यात अर्थ सापडत नाही," असे कुणी म्हणाले की त्या विचारत, "ठेवला कुठं होता?" माणूस चिडे. मग त्या शांतपणे म्हणत, "सकाळी उठून पहिलं काय केलं ते सांगा. दात घासले? का घासले? मरायचंच हाय की एक दिवस. तरी घासले ना? तिथून सुरू करू." दात घासण्यापासून सुरू झालेले ते बोलणे कुठल्या कुठे जाई. एक बाई त्यावरून इतक्या रडल्या, की आपांना स्वतःचा दुपट्टा त्यांना द्यावा लागला.

न आल्याचा तो तास त्यांनी स्वतःच शोधून काढला होता. त्याला त्या गैरहजेरी म्हणत. पहिल्या दिवशी प्रत्येकाची गैरहजेरी होई आणि पुढे कुणी अडकून पडला तर मधूनही, आधी विचारून. "आपण नसल्यावर खोली कशी दिसते, हे जिवंतपणी बघायला मिळणं नशीब हाय," त्या म्हणत. "बघितलं की माणूस आपोआप बोलतो. अन् जे पहिलं बोलतो ना, ते त्याचं असतं."

एक गृहस्थ आले होते. शहरात मोठे प्रस्थ. थोडाच वेळ गेला असेल, तोच आतून त्यांचा आवाज चढला, "दिसत नाही का मी? मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"तेच तर विचारायचंय," आपा म्हणाल्या. "कोण?"

गृहस्थ तरातरा निघून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले आणि पुढे बराच काळ येत राहिले.

आणखी एक प्राध्यापक होते, मौनात अत्यंत पटाईत. पंखा बंद झाला, फोन वाजला, चहा सांडला, तरी त्यांनी ओठ उघडले नाहीत. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "नळ आला! नळ आला!" आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, आले की माणसे जेवणाच्या ताटावरून उठतात. प्राध्यापक ताडकन उभे राहिले. "आपा, पाणी!" आपाही उठल्या. दोघांनी मिळून पिंप भरले, घागरी भरल्या, हौदात नळी सोडली, आणि मग ओल्या कपड्यांनी समोरासमोर बसल्या बसल्या आपा म्हणाल्या, "जगाशी काय नातं राहिलं नाय म्हणत होतात. पाण्याशी हाय की!" त्या दिवसापासून एक अलिखित नियम झाला. गैरहजेरी कशानेही मोडायची नाही. नळ आला तर मात्र मोडायची.

मला त्यांनी व्हरांड्यात बसवले. माझ्या भेटी संपत आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "रत्नपारखी, आत मी लोकांना बघणार नाय. म्हणून बाहेर कुणीतरी त्यांना बघायला पायजे. तुम्ही बसा. फाटकातून आला की म्हणायचं, आलात, पाहिलं मी. बास."

"मला नाही जमायचं."

"म्हणून तर सांगायलेय."

पहिले काही दिवस माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. मी नुसती मान हलवायचो. आपा आतून ओरडत, "ऐकू नाय आलं!" मग एकदा ऐकू आले. लोक दचकून माझ्याकडे पाहत आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होई. आत जाऊन नाहीसे होण्याआधीचा तो शेवटचा मुक्काम होता. घरी परतताना मी दुकानदाराला, त्याने विचारण्याआधीच, म्हणू लागलो, "मला अर्धा किलो साखर हवी आहे." एवढेसेच ते, पण माझ्यासाठी एवढेसे नव्हते.

आता जे सांगायचे ते नेमके कधी सुरू झाले, हे सांगणे अवघड आहे. एकदा शहागंजात आपा समोरून आल्या आणि माझ्या खांद्याजवळून निघून गेल्या. मी हाक मारली; त्या थांबल्या नाहीत. मला वाटले, हा धडाच असणार. मी त्यावर दोन दिवस विचार केला आणि त्यातून पुष्कळ काही काढलेही. मग इतरांच्याही बाबतीत तसे होऊ लागले. फाटकातच आपांनी ओळख दिली नाही, बोलता बोलता नजर आरपार गेली. माणसे बाहेर येऊन भारावलेल्या आवाजात सांगत, "आज न विचारताच गैरहजेरी दिली आपांनी. किती खोल जातात!" एक जण म्हणाले, "दोन वाक्यांच्या मध्येच मी नाहीसा झालो हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही सगळी सुशिक्षित माणसे. त्या रिकाम्या नजरेत आम्ही जे शोधत होतो, ते आम्हाला तिथे सापडतही होते.

शीतल (हे नाव मी बदलले आहे) वाळूजच्या एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासायची. तिशीची असेल. घरात, कारखान्यात, सगळीकडे आपण काचेच्या पलीकडे उभे आहोत, असे तिला वाटे. आवाज दिला तरी तो बाहेर जात नाही, अशी तिची तक्रार. महिनोन्‌महिने ती आपांसमोर कुजबुजतच बोलायची. त्या दिवशी ठरवून गैरहजेरी होती. फाटकातून ती आली. मी म्हणालो, "आलात, पाहिलं मी." ती हसली. "आज बोलणार हाय मी, सर. मोठ्यानं."

दार लोटले गेले. आतला पंखा थांबल्याचे मला ऐकू आले. दुपारची गल्ली सुन्न होती.

"आपा," शीतलचा आवाज आला. कुजबूज नव्हती ती. "मी हाय इथं."

मला फार आनंद झाला. कप सुलटा होण्याचा आवाज येईल, म्हणून मी कान दिला. आला नाही.

"आपा, मी बोलले. मी हाय."



तेवढ्यात गल्ली जागी झाली. पत्रे वाजले, बादल्या आदळल्या. "नळ आला! ओ काकू, नळ आला!" मी दाराकडे पाहिले. दार उघडले नाही. हौदात पाण्याची धार पडू लागली. आधी खोल, पोकळ आवाज. मग पाणी चढत गेले तसा भरीव. आत शीतल बोलतच होती. आता ती तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती आणि दर वेळी त्यातला एक शब्द गळत होता. "आपा, मी हाय." "मी हाय." "मी." हौद भरला, काठावरून सांडला, अंगणातल्या फरशीवरून पाणी आवाज न करता सरकत व्हरांड्याच्या पायरीपाशी आले आणि माझ्या चपलांखालून पुढे गेले. आमच्या शहरात पाणी वाया जाते आहे आणि घरातले माणूस उठत नाही, असे होत नाही. तिथे मला कळले, की आत गैरहजेरी चाललेली नाही.

त्या खोलीत मध्येच जाण्याची मला मनाई होती. मी दार उघडले.

चहा तिपाईवरून जमिनीवर ठिबकत होता. शीतल उजव्या हाताने डाव्या हाताचे मनगट धरून बसली होती. बोटे पांढरी पडली होती. आपा आपल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चेहरा शांत, किंचित हसरा, एखाद्याची वाट पाहणाऱ्या घरधन्याचा असतो तसा. आणि त्या चेहऱ्यामागे कुणी नव्हते. माझ्या स्वतःच्या गैरहजेऱ्यांत कितीतरी वेळा मी तो चेहरा पाहिला असेन. त्यात काहीही वेगळे नव्हते, हेच फार भयंकर होते.

"शीतल," मी म्हणालो, "पाहिलं मी तुम्हाला. ऐकलंसुद्धा."

तिने माझ्याकडे पाहिले, पण विश्वास ठेवला नाही. तिला ते दुसऱ्या कुणाकडून तरी हवे होते.

मी पंखा लावला. वारा लागला तशी आपांची पापणी हलली. "पाणी आलं वाटतं," त्या म्हणाल्या. "मला कुणी हाक नाय मारली?"

"मी मारली आपा," शीतल म्हणाली. "लई वेळ मारली."

आपांनी तिच्याकडे पाहिले, ठिबकणाऱ्या चहाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हौ? मारली तिनं?"

उत्तर अगदी तयार होते: हा पद्धतीचाच भाग असेल, आपा. ते म्हटले असते तर त्यांचे काम, त्यांची खोली, त्यांचे नाव, सगळे त्या दिवसापुरते तरी वाचले असते. आणि ही मुलगी, जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलूनही आपला आवाज पोचत नाही अशी खात्री घेऊन, वाळूजच्या बसमध्ये जाऊन बसली असती. शीतल माझ्या ओठांकडे पाहत होती.

"मारली," मी म्हणालो. "मी बाहेरून ऐकली. तुम्ही ऐकली नाहीत."

"मी होते कुठं?"

"इथेच होतात. खुर्चीत."

"म्हणजे गैरहजर."

"हो आपा. आणि आज पहिल्यांदा नव्हे, असं मला आता वाटतं."

बाहेर पाणी सांडत होते. आपांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, जणू आपण किती वेळ गेलो होतो हे त्यात दिसेल. मग त्यांनी पालथा कप सुलटा केला. तो बशीवर बराच वेळ खुळखुळत राहिला.

"बाई," त्या शीतलला म्हणाल्या, "नीट ऐक. आज तू होतीस. मी नव्हते. हे डोक्यात उलटं बसू देऊ नको. काय?"

शीतलने मान हलवली.

"ऐकू नाय आलं."

"मी होते," शीतल म्हणाली. मग मोठ्याने, "तुम्ही नव्हता, आपा."

"शाब्बास. जा, नळ बंद कर आता. लोकं शिव्या घालायलेत."

पुढचे थोडक्यात सांगतो. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मेंदूच्या आजाराचे जे नाव सांगितले ते आपांना आधीच ठाऊक असावे, त्या फक्त म्हणाल्या, "किती लौकर?" येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः समोर बसवून खरे काय ते सांगितले आणि दुसऱ्या समुपदेशकांकडे पाठवले. अशा प्रत्येक वेळी मला शेजारी बसवले. त्या मध्येच गेल्या, तर तसे स्पष्ट सांगायचे, हे माझे नवे काम. मी सांगे, "आपा, आत्ता नव्हता तुम्ही." "हौ? बरं. चला पुढं."

त्यांनी हे सारे धीरोदात्तपणे घेतले, असे लिहिणे मला आवडले असते. तसे झाले नाही. एका दुपारी त्या पेरूच्या झाडाखाली उभ्या होत्या आणि मला म्हणाल्या, "मला भ्या वाटायलंय, रत्नपारखी. इतकी वर्षं लोकांना म्हणत आले, नसण्याकडे बघा, बघा. माझ्याच्यानं बघवत नाय." मी काहीतरी दिलासा देऊ लागलो. त्या एकदम चिडल्या. "नक्को! समजावू नका. उभे रहा फक्त." मी उभा राहिलो. झाडावर पोपट पेरू कुरतडत होते, त्याचे तुकडे आमच्या अंगावर पडत होते.

नंतर त्यांची भाची, शबाना, त्यांना पैठणला घेऊन गेली. ती तिथे शाळेत शिकवते.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते तिथे. ओट्यावर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. पलीकडच्या घरात पैठणीचा माग चालू होता, त्याचा ठोका एका लयीत येत होता. आपा बारीक झाल्या होत्या. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होते. शबानाने चहाचे तबक आणून ठेवले. मी समोर बसलो.

"आपा, मी रत्नपारखी."

त्यांची नजर माझ्यातून रस्त्याकडे गेली. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या मांडीवरून हात लांबवला आणि खुर्चीची उशी सारखी केली. बाहीला तोच अत्तराचा वास. मग त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पंखा बंद करून परत येऊन बसल्या. त्यांनी एकट्यापुरता चहा ओतला. दुसरा कप पालथाच.

मी उठलो नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मनगट धरण्यासाठी माझा हात उचलला गेला. मी तो मांडीवर परत ठेवला. मी इथे आहे, हे आता मला माझे मलाच ठाऊक होते.

"ती शीतल येते अधूनमधून," शबाना हळू आवाजात म्हणाली. "वाळूजहून, सुट्टीच्या दिवशी. बसते, बोलत राहते. मी म्हटलं, फुप्पीला कळत नाय गं. तर म्हणाली, मला कळतं की."

निघताना मी वाकून आपांचा निरोप घेतला. मी पायऱ्या उतरत होतो, तोच मागून त्यांचा आवाज आला, अगदी पूर्वीचा, स्वच्छ. "शबाना, आज कुणी आलं नाय गं."

"आले होते की, फुप्पी."

मी फाटकापाशी वळलो. आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नसेन. माग चालवणारा माणूस खिडकीतून डोकावला. "आपा! मी आलो होतो!"

त्यांनी मान वर केली. मी उभा होतो, त्याच जागी त्यांनी पाहिले, आणि माझ्या पलीकडे. मग घड्याळ कोपरावरून खाली ओढून त्यात बराच वेळ निरखून पाहिले.

"उशीर व्हायलाय त्याला," त्या म्हणाल्या. "येईल. फाटक लावू नको."

मी फाटक उघडे ठेवले. रस्त्याच्या वळणावरून पुन्हा पाहिले, तेव्हा त्या किंचित पुढे वाकून फाटकाकडे बघत होत्या, आणि एका हाताने तो पालथा कप धरून होत्या.